रानाने वेढलेले गाव

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परदेशी जाऊन आलेल्या बाईने मंडळात बोलायचे म्हणजे विमान, बर्फ आणि तिकडची दुकाने यांचे वर्णन करायचे, असा आपल्याकडे रिवाज पडला आहे. विमानात पाय आखडून बसावे लागते आणि बर्फ फार गार असते, एवढे सांगून मी पहिले दोन विषय संपवते. दुकानांविषयी तर बोलायलाच नको. ज्या गावी मी गेल्या वर्षी सहा आठवडे राहिले, तेथली बहुतेक दुकाने पाहुण्यांसाठी मांडलेली आहेत. घर चालवणाऱ्या बाईला तेथून लाकडी अस्वल आणि लोकरी टोपी याखेरीज फारसे काही घेता येत नाही.

त्या गावाचे नाव बॅन्फ. कॅनडाच्या पश्चिम भागात, अल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वताच्या कुशीत ते वसले आहे. कॅलगरी शहरापासून मोटारीने सुमारे ऐंशी मैल. माझी धाकटी लेक आणि जावई तेथे राहतात. जावई एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहेत, लेक एका दुकानाचे हिशेब लिहिते, आणि नात सहा वर्षांची आहे. उंचीने म्हणाल तर हे गाव साधारण आपल्या महाबळेश्वराएवढे, साडेचार हजार फुटांवर. पण महाबळेश्वरास आपण डोंगराच्या माथ्यावर उभे राहून खाली दरी पाहतो. येथे उलट आहे. गाव दरीच्या तळाशी आणि चहूंकडे दहा-दहा हजार फुटांचे उघडे खडक. सकाळी दार उघडले की समोर कॅस्केड नावाचा पर्वत इतका जवळ दिसतो की पहिले दोन दिवस मला उगीचच डोके खाली घालून चालावेसे वाटे.

आता खरी गोष्ट सांगते. या गावाच्या चारी बाजूंना राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान म्हणजे कारंजी आणि फुलांचे ताटवे नव्हेत, राखलेले रान. त्याचे क्षेत्र ६,६४१ चौरस किलोमीटर. आपली मुंबई, शहर आणि उपनगरे मिळून, अशा अकरा मुंबया त्यात मावतील. आणि गाव केवढे, तर जेमतेम चार चौरस किलोमीटर. २०२१ च्या शिरगणतीत तेथे ८,३०५ माणसे मोजली गेली. दरवर्षी पाहुणे मात्र चाळीस लाखांच्या आसपास येतात! आपण बोरीवलीकर भगिनींनी ही गोष्ट मनात जरा उलटी करून पाहावी. आपल्याकडे शहराने रानाला वेढले आहे, तेथे रानाने गावाला.

हे असे कसे झाले? सन १८८३ मध्ये आगगाडीचा रूळ टाकणाऱ्या तिघा कामगारांना तेथे डोंगराच्या पोटात गरम पाण्याचा झरा सापडला. आपल्याकडे असा झरा सापडता तर तेथे देऊळ उभे राहिले असते, तेथे मालकीचे भांडण उभे राहिले. ते मिटवायला सरकारने १८८५ साली झऱ्याभोवतालची दहा चौरस मैल जागाच राखून ठेवली. कॅनडातले पहिले राष्ट्रीय उद्यान ते हेच. रेल्वे कंपनीला उतारू हवे होते. डोंगर काही उचलून विकता येत नाहीत, तेव्हा डोंगर पाहायला गिऱ्हाइकांनाच आणावे, असा हिशेब करून तिने १८८८ मध्ये एक अवाढव्य हॉटेल उघडले. त्या हॉटेलची एक गोष्ट तेथे अजून सांगतात. बांधकाम चालू असताना रेल्वेचे मोठे साहेब पाहणीला आले, तो इमारत उलट्या तोंडाने बांधलेली! नदीचा आणि दरीचा सगळा देखावा स्वयंपाकघराच्या वाट्याला गेला होता. साहेब संतापले आणि पाहुण्यांसाठी घाईने वेगळा सज्जा बांधायला लावला, असे म्हणतात. मला वाटते, जगातल्या स्वयंपाकघरांच्या नशिबी एकदाच चांगली खिडकी आली होती, तीसुद्धा चुकून!

गावात टनेल माउंटन नावाची एक टेकडी आहे. तिच्यात बोगदा नाही. रेल्वेच्या मोजणीदारांनी बोगदा आखला होता, पुढे रूळ वळवून नेला, आणि नाव मात्र राहून गेले.

माझी लेक पहिल्यांदा तेथे राहायला गेली, तेव्हा आमच्या विहीणबाईंनी विचारले होते, "घर घेतले का?" आपल्याकडे हा प्रश्न लग्नानंतर मुलाबाळांच्या चौकशीइतकाच स्वाभाविक. पण बॅन्फमध्ये जमीन कोणी विकत घेऊच शकत नाही. सारी जमीन देशाच्या सरकारची. ती भाडेपट्ट्याने मिळते, साधारण बेचाळीस वर्षांच्या पट्ट्याने. त्यावर घर बांधता येते, घर विकताही येते, पण खालची माती आपली होत नाही. आणि पैसे आहेत म्हणून पट्टा घेऊन तेथे जाऊन राहावे, तर तेही चालत नाही. तेथे राहायचे तर तेथे राहण्याचे कारण हवे. उद्यानात नोकरी हवी, नाहीतर तेथे धंदा चालवणारे हवे, किंवा अशा माणसाचे कुटुंबीय हवे. सुट्टीपुरता बंगला बांधून वर्षभर कुलूप लावून ठेवायची सोय नाही. म्हाताऱ्या माणसांसाठीही नियम आहे. निवृत्तीच्या आधीची सलग पाच वर्षे ज्याने मुख्यतः त्या उद्यानातच नोकरी केली, त्याला पुढे राहता येते.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हा नियम मोठा शहाणपणाचा वाटला. लोणावळ्याचे आणि महाबळेश्वराचे काय झाले ते आपण पाहतो आहोत. असा नियम नसता, तर या चार चौरस किलोमीटरांत जगभरच्या श्रीमंतांचे बंगले उभे राहिले असते आणि भांडी घासणाऱ्यांना, गाड्या हाकणाऱ्यांना, मास्तरणींना रोज कोठून तरी दुरून यावे लागले असते. उद्यानाच्या हद्दीबाहेर कॅनमोर नावाचे गाव आहे, मोटारीने वीस-पंचवीस मिनिटांवर. तेथे असा नियम नाही. तेथल्या घरांच्या किमती आमच्या जावईबापूंनी मला सांगितल्या, आणि मी त्या रुपयांत मांडून पाहायचे सोडून दिले.

पण नियमाची दुसरी बाजू घरात राहिल्यावर दिसते. घरे मोजकी, वाढवायला जागा नाही, आणि हॉटेलांना माणसे तर हवीतच. म्हणून एकेका घरात तीन-तीन, चार-चार नोकरदार दाटीने राहतात. त्यांत फिलिपाइन्सहून आलेले पुष्कळ आहेत, आपल्याकडचेही आहेत. हॉटेलात खोली झाडणारी मुलगी पाहुण्यांना जी खिडकी पुसून देते, तिच्यातून दिसणारा डोंगर ती स्वतः किती वेळा पाहत असेल, देव जाणे. आणि काम सुटले की गाव सुटते. जावईबापूंना मी तेथे असतानाच कॅलगरीहून अधिक पगाराचे बोलावणे आले होते. लेकीची नोकरी हंगामी, म्हणजे पाहुणे आहेत तोवरच तिचा भरवसा. दोघांचीही तेथली कामे संपली तर घर खाली करावे लागणार. नातीची शाळा, तिच्या मैत्रिणी, घरामागची नदी, सगळे एका नियुक्तिपत्राला टांगलेले. रात्री जेवणे झाल्यावर दोघे हळू आवाजात बोलत बसत. मी भांडी पुसत ऐके. माझे मत त्यांनी विचारले नाही आणि मी दिले नाही. मला अजूनही त्यावर ठाम मत नाही.

शेजारी एक वृद्ध बाई राहत होत्या. साऱ्या जन्मभर हॉटेलाच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालून निवृत्त झालेल्या. त्यांच्याशी माझे मोडक्या इंग्रजीत छान जमले. त्यांनी सांगितले, साठीच्या सुमारास त्यांना कॅनमोरमध्ये बैठे काम मिळत होते, पगारही बरा होता. गुडघे दुखत होते तरी त्यांनी ते नाकारले. शेवटची पाच वर्षे उद्यानात काम केले नाही तर म्हातारपणी स्वतःचे घर सोडावे लागेल, हा हिशेब त्यांनी बोटांवर घातला होता. "पाच वर्षे चादरी घडी केल्या आणि हे अंगण राखले," असे म्हणून त्या हसल्या. मला काही त्यांच्याबरोबर तितकेसे हसू आले नाही.

हे कामकऱ्यांचे झाले. त्यांच्याही आधी तेथे जे राहत आणि हिंडत होते, त्यांचे काय? स्टोनी नाकोडा आणि इतर मूळ रहिवासी लोकांचा हा शिकारीचा, औषधी मुळ्यांचा आणि देवाधर्माचा प्रदेश होता. गरम झरे त्यांना कामगारांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. उद्यान झाल्यावर शिकार बंद झाली आणि त्यांना तेथून दूर ठेवण्यात आले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनाच पिसांचे पोशाख घालून, नाच आणि घोड्यांच्या शर्यती करून दाखवायला गावात बोलावू लागले. कारण काय, तर पुराने रूळ वाहून गेले, पाहुणे अडकून पडले, त्यांची करमणूक कशी करावी हा हॉटेलवाल्यांना प्रश्न पडला, असे सांगतात. ज्यांना राहू दिले नाही त्यांना तमाशासाठी बोलावले! कॅलगरीहून येताना त्यांची वस्ती रस्त्यातच लागते. आमची मोटार तेथून पाच मिनिटांत पुढे निघून गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळातली हकीकतही तशीच. १९१५ ते १९१७ या काळात युक्रेनी आणि इतर परदेशी लोकांना तेथे तंबूंच्या छावणीत बंदी करून ठेवले आणि त्यांच्याकडून उद्यानातले रस्ते करवून घेतले. उद्यानाच्या खात्याने हे आता झाकून ठेवलेले नाही, पाट्यांवर लिहून ठेवले आहे. तेवढे मला बरे वाटले.

आता जनावरांकडे वळते, कारण खरे घरमालक तेच. भाद्रपद-आश्विनाचे दिवस होते. एल्क नावाचे मोठे हरीण असते, आपल्या सांबराहून थोराड. त्यांचा तो माजाचा काळ. पहाटे नर ओरडतो ते शिंग फुंकल्यासारखे सुरू होते आणि शीळ घातल्यासारखे संपते. एके दिवशी शाळेच्या वाटेवर असा एक नर आडवा उभा होता. शिंगे केवढी, आमच्या दिवाणखान्याच्या दारातून आत यायची नाहीत! मी नातीचा हात घट्ट धरला. तिनेच मला मागे ओढले आणि पाढा म्हणावा तसे म्हणाली, "आजी, हरणाला तीन बसगाड्या, अस्वलाला दहा बसगाड्या!" म्हणजे हरणापासून तीस मीटर आणि अस्वलापासून शंभर मीटर दूर राहायचे. तीन बसगाड्यांचे अंतर सोडून आम्ही दोघी पंचवीस मिनिटे उभ्या राहिलो. नात शाळेत उशिरा पोचली. मास्तरणीबाईंनी कारण विचारले नाही.

पाहुण्यांना हा पाढा ठाऊक नसतो. मोटारी थांबवून फोटोसाठी जनावराच्या तोंडाशी जाणारी माणसे मी स्वतः पाहिली, आणि त्यांत आपल्याकडचीही होती, हे सांगायला संकोच वाटतो.

गावातल्या कचऱ्याची व्यवस्था मात्र मला सर्वांत आवडली. तुम्ही हसाल, परदेशात जाऊन बाई कचरा पाहून आली! पण थोडे ऐका. पूर्वी तेथली अस्वले हॉटेलांच्या उष्ट्यावर येत. १९८० साली गावाला लागूनच असलेल्या झाडीत एका अस्वलाने माणसांवर हल्ले केले, त्यात एक जण प्राणास मुकला. आधी दुसरेच एक काळे अस्वल मारले गेले, नंतर खरे अस्वल सापडले. मूळ कारण उष्ट्याची चटक. त्यानंतर गावाने कचऱ्याचा कारभारच बदलला. आता घरासमोर कचऱ्याची बादली ठेवायचीच नाही. गल्लीत जाड पोलादी पेट्या आहेत, त्यांची कडी आतल्या बाजूला अशा खोबणीत की माणसाचा पंजा आत जातो, अस्वलाचा जात नाही. भर थंडीतही कचरा घेऊन आपण पेटीपर्यंत जायचे. कुत्र्याचे खाणे अंगणात ठेवायचे नाही. तेथे एक म्हण झाली आहे, तिचा अर्थ असा की उष्ट्याला लागलेले अस्वल मेलेच म्हणून समजावे. कारण एकदा चटक लागली की ते माणसांत येते, आणि मग त्याला गोळी घालावी लागते.

आपल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला आपण उलट करतो. कचरा उघडा टाकतो, त्यावर कुत्री आणि डुकरे जमतात, कुत्र्यांमागे बिबटे येतात, आणि मग आपणच आरडाओरडा करतो की बिबट्या सोसायटीत शिरला. उद्यान शंभर-सव्वाशेही नाही, सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे. त्यात वारली बांधवांचे पाडे आहेत, कान्हेरीची लेणी आहेत, आणि भोवताली आपण. बिबट्या कोठे जाईल? आपल्या मंडळाच्या मागच्या गल्लीतील पेटीला गेली दोन वर्षे झाकण नाही. कार्यकारिणीने यंदा एवढे एक काम हाती घेतले तर मी माझ्या वाट्याची वर्गणी आजच देते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या उद्यानातून देशाचा हमरस्ता जातो. पूर्वी त्यावर इतकी जनावरे मरत की त्याला लोक खाटिकखाना म्हणत. मग दोन्ही बाजूंनी उंच कुंपण घातले आणि जनावरांसाठी रस्त्यावरून सहा पूल आणि रस्त्याखालून अडतीस वाटा केल्या. पुलांवर माती टाकून गवत आणि झाडे लावली आहेत. खालून मोटारी, वरून अस्वले! पहिले दोन मोठे पूल १९९०च्या दशकात झाले तेव्हा पुष्कळांनी थट्टा केली, अस्वल का पाटी वाचून पूल ओलांडणार? हरणे लवकर सरावली. तपकिरी अस्वलांना विश्वास बसायला काही वर्षे लागली. पण बसला. पिलांना घेऊन माद्या त्या पुलांवरून जातात. रस्त्यावरचे जनावरांचे अपघात शेकडा ऐंशीहून अधिक कमी झाले. रेल्वेचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. मालगाड्यांतून सांडलेले धान्य खायला अस्वले रुळांवर येतात आणि मरतात. रात्री गाडीची लांबलचक शिटी ऐकू आली की मला तेच आठवे.

२०१७ साली उद्यानात सोळा गवेही आणून सोडले. शंभरावर वर्षांपूर्वी तेथून नाहीसे झालेले. आता ते वाढून शंभरावर गेले आहेत, असे जावईबापू सांगत होते. मला एकही दिसला नाही. ते गावापासून फार आत राहतात, आणि शहाणे आहेत.

रानाचा शेजार म्हणजे आगीचाही शेजार, हे आपण विसरतो. बॅन्फच्या उत्तरेला सुमारे १८० मैलांवर, लगतच्या उद्यानात, जॅस्पर म्हणून असेच एक गाव आहे. २०२४ च्या जुलैत तेथे वणवा शिरला. माणसे आधीच बाहेर काढली होती, सुमारे पंचवीस हजार, पाहुणे धरून. पण गावातल्या १,११३ इमारतींपैकी ३५८ जळून गेल्या. त्यानंतर माझ्या लेकीने दाराशी एक पिशवी भरून ठेवली आहे. पारपत्रे, नातीची औषधे, दोन लोकरी झबली आणि माझ्या आईची चांदीची कुयरी. लाकडी छपरे बदला, घराला टेकलेली सुरूसारखी झाडे काढा, असे तेथे घरोघर सांगितले जाते. गावाच्या कडेची काही झाडीही मुद्दाम विरळ केली आहे. झाडे राखण्यासाठी झाडे तोडायची, हे मला आधी चमत्कारिक वाटले. पिशवी पाहिल्यावर वाटेनासे झाले.

लेकीच्या अंगणात एक क्रॅबॲपलचे झाड होते. बोराहून थोडे मोठे, आंबटढोण सफरचंद. फळे लालभडक, पण अस्वलांना त्यांचा वास लांबून लागतो. नगरपालिका सांगते, पिकायच्या आत फळे उतरवा, नाहीतर झाडच काढून बिनफळाचे लावा. घरमालकाने झाड काढायचे ठरवले होते. तोडायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघी, लेक, नात आणि मी, चादर पसरून सारी फळे उतरवून घेतली. शेजारच्या बाई चादर धरायला आल्या, आणि ती चौघडी करून देतानाच त्यांचे जन्माचे काम दिसले. एवढ्या आंबट फळांचे करायचे काय? मी कैरीसारखा मेथांबा केला. बिया काढून फोडी, मोहरी, मेथी, हिंग, तिखट आणि कॅलगरीहून आणलेला गूळ. नात म्हणाली, अस्वलाला हे तिखट चालणार नाही.

जावईबापूंनी कॅलगरीच्या जागेचे उत्तर द्यायला चैत्रापर्यंत मुदत मागून घेतली आहे. झाडाच्या जागी आता कुठलेसे झुडूप लावले आहे म्हणे. मेथांब्याच्या तीन बरण्या झाल्या. एक लेकीकडे, एक त्या शेजारणीकडे. तिसरी आज बाहेर फराळाच्या टेबलावर ठेवली आहे, पुरणपोळीच्या ताटाशेजारी. चमचा कोरडा वापरावा, ही विनंती.